पायाच्या हाडाच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं तर: पहिल्या ओल्या डागापासून पुढे

माझ्या धाकट्या भावाची नडगी मोडली, आत रॉड बसला, बाराव्या दिवशी टाके निघाले. सतराव्या दिवशी सकाळी त्याच्या पायजम्यावर, गुडघ्याच्या जरा खाली, बटणाएवढा पिवळसर डाग दिसला. वाळून कडक झालेला, कडेला किंचित तांबूस. "घाम असेल रे दादा," तो म्हणाला. मलाही तेच खरं वाटायला हवं होतं.

पुढच्या पाच आठवड्यांत त्याला अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असल्या की डाग थांबायचा, संपल्या की चार-पाच दिवसांत परत हजर. शेवटी जखम उघडली तेव्हा आत पू होता, पण तो लॅबमध्ये पाठवल्यावर काहीच उगवलं नाही. गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, दबले होते. आणि त्यांना मारायला कोणतं औषध लागेल हे सांगणारा पुरावा मात्र आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता.

मी डॉक्टर नाही. अकरा महिने एका पायामागे फिरताना जे शिकलो, विचारलं आणि वाचलं, ते क्रमाने लिहितोय. औषध आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या सर्जनचाच. पण कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं हे माहीत असलं तर निम्मी धावपळ वाचते.

आधी हे समजून घ्या: गोळी का पुरत नाही

पाण्याची टाकी आतून बुळबुळीत होते ते आठवा. पाणी दहा वेळा बदललं तरी भिंतीवरचा थर जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. प्लेट, रॉड, स्क्रू किंवा कृत्रिम सांध्यावर जंतू बसले की ते स्वतःभोवती असाच चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. रक्तात मोकळे फिरणारे जंतू ज्या मात्रेत मरतात, त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट मात्राही या थरातल्या जंतूंना पुरत नाही. इतकं औषध शरीरात घालता येत नाही. त्यात मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्तपुरवठाच नसतो, म्हणजे रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार तरी कसं?

म्हणून धातूपर्यंत गेलेलं इन्फेक्शन हे मुळात ऑपरेशनचं काम आहे. अँटिबायोटिक त्याचा जोडीदार. हा क्रम उलटा झाला की आमच्यासारखं होतं.

नडगीला हा त्रास जास्त होण्याचं कारण हात लावून कळतं. पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये स्नायूचा थर नाही. हाड कातडी फोडून बाहेर आलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. मधुमेह, तंबाखू, पायाचा कमी रक्तपुरवठा आणि अशक्तपणा ही नेहमीची भर.

पायरी १: नेहमीचं काय आणि वेगळं काय

ऑपरेशननंतर थोडी सूज, कोमटपणा, पहिले काही दिवस पॅडवर तांबूस पाणी हे चालतं. पाय खाली सोडला की सूज वाढते, उशीवर उंच ठेवला की उतरते, तेही चालतं. दिशा बघायची. दुखणं, ओल आणि लाली रोज थोडी कमी होत असेल तर गाडी रुळावर आहे. कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं, कोरडी झालेली जखम परत ओली झाली, किंवा आठवडा उलटला तरी पॅड भिजतंच आहे, तर सर्जनला दाखवा. ताप नसला तरी दाखवा. धातूवरच्या इन्फेक्शनमध्ये ताप बऱ्याचदा येतच नाही, आणि "ताप नाही ना, मग काळजी नको" या वाक्याने आमचे पंधरा दिवस खाल्ले.

जखमेतून पू येणं, किंवा कातडीला बारीक भोक पडून तिथून अधूनमधून वाहत राहणं, याकडे थांबून बघायची गरज नाही. मोडलेल्या हाडाच्या इन्फेक्शनची जी व्याख्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकमताने ठरवली, तिच्यात हाडापर्यंत किंवा धातूपर्यंत जाणारं भोक हा संशय नव्हे, पक्का पुरावा धरलेला आहे.

काही इन्फेक्शन फार उशिरा डोकं वर काढतात. सहा महिने झाले, हाड जुळत नाही, पाय टेकला की एकाच जागी कळ येते, स्क्रू ढिले दिसतात. बाहेर जखमेचं नाव नाही. अशा वेळी "हाड का जुळत नाही?" याच्या जोडीला "इन्फेक्शन तर नाही ना?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता ज्यात तासही घालवायचे नाहीत ते. थंडी वाजून ताप, बरळणं, धाप, लघवी कमी होणं. जखमेभोवतीची कातडी जांभळी-काळी पडणं, फोड येणं, दिसतंय त्याच्या मानाने फारच जास्त दुखणं. तसंच पोटरी अचानक सुजून छातीत दुखणं किंवा दम लागणं. हे इन्फेक्शन नसून रक्ताची गुठळी असू शकते, पण धाव तितकीच तातडीची. थेट इमर्जन्सीत.

पायरी २: डाग दिसला त्या दिवशी

घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी देऊ नका. ओळखीच्या कुणी सुचवलेलीही नको. या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या.

जखम दाबून पू काढू नका. हळद, पावडर, कुठलंही मलम भरू नका. स्वच्छ कोरडं पॅड लावा आणि फोटो काढा, रोज त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली की आत आली, हे पाहून डॉक्टरांना जे कळतं ते "जरा वाढल्यासारखी वाटते" या वाक्यातून कळत नाही. पॅड किती वेळा बदललं, किती भिजलं, वास होता का, एका वहीत टिपा.

मग ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. आत कोणता धातू आहे, स्क्रू कुठे आहेत, हे त्यांना माहीत असतं.

एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी: प्रत्येक ओला टाका म्हणजे हाडाचं इन्फेक्शन नव्हे. फक्त टाक्यापाशी लाली, एखादी पुळी, आत काही नाही, असं वरवरचं इन्फेक्शन टाका काढून आणि थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बरं होतं. वरवरचं की खोलवरचं हे तपासून सर्जनने ठरवायचं. पण एका कोर्सनंतर ते परत आलं तर दुसरा कोर्स निमूटपणे सुरू करू नका. "खोलवर नाही हे कशावरून?" असं विचारा. मी तिसऱ्या कोर्सलाही विचारलं नव्हतं.

पायरी ३: रक्त आणि फोटो

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन तपासण्या जवळजवळ नेहमी होतात. ऑपरेशननंतर सीआरपी आपोआपच चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि पुढच्या काही आठवड्यांत खाली येतो. त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ कमी, रांगेला जास्त. १२० वरून ४० आणि मग १५ हे ठीक. १५ वरून परत ६० झालं की कान टवकारायचे. ईएसआर महिनोन्महिने चढा राहू शकतो. आणि दोन्ही नॉर्मल असूनही धातूवर जंतू असू शकतात, विशेषतः हळू वाढणारे.

एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कड, हाड खाल्लेलं, जुळणी थांबलेली हे दिसू शकतं, पण सुरुवातीच्या दिवसांत तो स्वच्छच असतो. मेलेला तुकडा किंवा न जुळलेलं हाड बघायला सीटी उपयोगी पडतो. एमआरआयमध्ये धातूमुळे चित्र बिघडतं, तरी हाडात आणि स्नायूत कुठवर पसरलंय ते कळायला मदत होते. कृत्रिम गुडघा किंवा खुबा असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून पेशी मोजतात आणि कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला, पाठवतात. ही तपासणी टाळून कुणी नुसत्या गोळ्या देत असेल तर कारण विचारा.

पायरी ४: जंतूचं नाव

आमची चूक इथे झाली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जखमेच्या तोंडावर कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना म्हणजे स्वॅब. सोपा, वेदना नाही, आणि हाडाच्या इन्फेक्शनसाठी बेभरवशाचा. कातडीवर जे राहतात तेच बऱ्याचदा त्यात येतात. आत हाडाशी कोण बसलंय हे दारावरच्या गर्दीवरून ओळखण्यासारखं आहे ते. भावाच्या स्वॅबमध्ये एक जंतू आला होता, त्याच्यावर दोन आठवडे औषध चाललं. पुढे आत निघाला तो निराळाच.

खरा नमुना ऑपरेशनमध्ये खोलून घेतात. साधारण पाच, वेगवेगळ्या जागचे, हाडाशी आणि धातूशी लागून असलेले ऊतीचे तुकडे, प्रत्येकासाठी वेगळं स्वच्छ हत्यार, वेगळी बाटली. पाच का? कारण एका बाटलीत आलेला जंतू कातडीवरून चुकून शिरलेला असू शकतो. तोच जंतू दोन किंवा जास्त बाटल्यांत आला की तो गुन्हेगार. काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही पाठवतात. धातू काढला असेल तर काही लॅबमध्ये तो द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी हलवतात, म्हणजे चिकटलेला थर सुटतो आणि जंतू सापडायची शक्यता वाढते.

रुग्ण स्थिर असेल तर नमुन्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात. हे घरच्यांना फार जड जातं. पू वाहतोय आणि डॉक्टर औषध थांबवा म्हणतायत! त्या दोन आठवड्यांत आईने माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. पण लॅबमध्ये काही उगवायचं असेल तर एवढं करावं लागतं. मात्र वर सांगितलेली तातडीची लक्षणं असतील तर हा नियम नाही. तिथे रक्ताचं कल्चर घेऊन औषध लगेच सुरू होतं, आधी जीव.

लॅबला सांगून ठेवा, म्हणजे सर्जनला सांगायला सांगा, की कल्चर दोन-तीन दिवसांत बंद करू नये. हळू वाढणाऱ्या जंतूंसाठी ते दहा ते चौदा दिवस ठेवतात.

बहुतेक वेळा नाव निघतं ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा त्याच्या कातडीवर राहणाऱ्या चुलतभावांचं. रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एस किंवा आर असतं: एस म्हणजे जंतू त्याला बधतो, आर म्हणजे दाद देत नाही. ऑरियस मेथिसिलीन या अँटिबायोटिकला दाद न देणारा असेल तर त्यालाच एमआरएसए म्हणतात. नाव ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही, त्यावर चालणारी औषधं आहेत. या रिपोर्टची प्रत मागून घ्या.

पायरी ५: ऑपरेशन

तीन प्रश्नांवर सगळं ठरतं. इन्फेक्शन किती जुनं? धातू घट्ट आहे का ढिला? हाड जुळलंय का?

इन्फेक्शन ताजं, धातू घट्ट, हाड जुळायचंय आणि वरची कातडी बरी असेल, तर धातू ठेवून आत साफ करतात. हाड स्थिर असेल तर ते इन्फेक्शनमध्येही जुळू शकतं, आणि डगमगतं हाड जंतूंना पोसतं; म्हणून घट्ट प्लेट घाईने काढत नाहीत. पण आठवडे जातील तसा बायोफिल्म पक्का होतो आणि धातू वाचवण्याची संधी कमी होत जाते. हाड आधीच जुळलेलं असेल तर सरळ धातू काढून साफसफाई. धातू ढिला किंवा इन्फेक्शन जुनं असेल तर तो काढून हाडाला दुसऱ्या तऱ्हेने आधार देतात, बहुधा बाहेरून लावलेल्या सळ्या आणि रिंगांनी, किंवा अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचं आवरण असलेल्या रॉडने.

कृत्रिम सांध्यात ताज्या इन्फेक्शनला साफ करून आतला प्लॅस्टिकचा भाग बदलतात. जुन्याला पूर्ण सांधा काढावा लागतो. काही निवडक रुग्णांत नवा त्याच वेळी बसतो, इतरांत मध्ये काही आठवडे औषधी सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवून दुसऱ्या ऑपरेशनमध्ये.

साफ करणं म्हणजे नुसतं धुणं नव्हे. मेलेलं सगळं कापून काढायचं. सर्जन हाड घासत जातात आणि पांढऱ्या हाडावर रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटायला लागले की थांबतात. ठिपके म्हणजे हाड जिवंत आहे. भावाच्या सर्जननी मला हे कागदावर पेन टेकवून ठिपके काढून दाखवलं होतं. "हे दिसेपर्यंत जायचं. खड्डा किती पडेल याची भीती धरली तर इन्फेक्शन राहतं."

पडलेला खड्डा रिकामा ठेवत नाहीत, तिथे रक्त साचून परत जंतूंची सोय होते. अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी भरतात, ते नंतर काढावे लागतात. कॅल्शियम सल्फेटचे विरघळणारे मणी काढावे लागत नाहीत, पण त्यांच्यामुळे काही दिवस-आठवडे जखमेतून पांढुरकं पाणी येऊ शकतं. ते पू नसतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात हलकल्लोळ होतो, म्हणून विचारून ठेवा.

वर कातडी पुरत नसेल तर प्लास्टिक सर्जन पोटरीचा स्नायू फिरवून झाकतात. घोट्याजवळ तसा स्नायू नसल्याने शरीराच्या दुसऱ्या भागातून ऊती आणून रक्तवाहिन्या बऱ्याचदा जोडाव्या लागतात. हाडातच अंतर पडलं असेल तर इलिझारोव्ह पद्धत आहे: हाड दुसरीकडे कापून तो तुकडा रोज एक मिलिमीटर, दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, सरकवत न्यायचा, मागे नवं हाड तयार होत जातं. पाच सेंटिमीटरचं अंतर म्हणजे नुसतं सरकवायलाच पन्नास दिवस, आणि ते हाड कडक व्हायला त्याहून कितीतरी जास्त. कॅलेंडर समोर ठेवूनच हो म्हणा.

क्वचित पाय वाचवण्यापेक्षा कापणं शहाणपणाचं ठरतं. कुणी हे सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, पण ऐकूनच घ्यायचं नाही असं करू नका.

पायरी ६: अँटिबायोटिक, आता

नमुने घेतल्याक्षणी शिरेतून औषध सुरू होतं, रिपोर्ट आला की जंतूप्रमाणे बदलतं. साधारण हिशेब असा: धातू काढला असेल तर सहा आठवडे, धातू आत ठेवला असेल तर बारा. कृत्रिम सांध्याबाबत फ्रान्समध्ये सहा विरुद्ध बारा आठवडे अशी तुलना झाली, २०२१ मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांच्या गटात १८.१ टक्क्यांत इन्फेक्शन टिकून राहिलं, बाराच्या गटात ९.४ टक्क्यांत. जखम छान दिसतेय म्हणून मध्येच थांबवू नका.

सगळं शिरेतूनच हवं का? ब्रिटनमध्ये १०५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांत उपचार फसण्याचं प्रमाण १३.२ टक्के होतं, शिरेतून घेणाऱ्यांत १४.६. म्हणजे जंतू बधत असेल, पोटातून नीट शोषलं जात असेल आणि साफसफाई झाली असेल तर गोळ्या कमी पडत नाहीत. सर्जनला विचारायला संकोच करू नका. शिरेतून औषध द्यायला दंडात घातलेली नळी हा स्वतःच इन्फेक्शनचा आणि गुठळीचा रस्ता असतो.

औषधांचे स्वभाव माहीत असू द्या. रिफाम्पिसिन धातूवरच्या स्टॅफिलोकॉकसवर चांगलं चालतं, पण कधीच एकटं नाही, नाहीतर जंतू लगेच निर्ढावतो. जखम कोरडी झाल्यावर, जोडीला दुसरं औषध देऊन ते सुरू करतात. लघवी केशरी होते, घाबरू नका. त्याने रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि गुठळी टाळायची गोळी तर पायाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना चालूच असते. व्हँकोमायसिनमध्ये रक्तातली पातळी आणि मूत्रपिंड बघावं लागतं. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं तर प्लेटलेट्स उतरू शकतात, दर आठवड्याला रक्त तपासा. लिव्होफ्लॉक्सासिन घेताना टाचेमागचा स्नायुबंध (टेंडन) दुखला तर त्याच दिवशी कळवा. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्याच्यापासून किमान दोन तास लांब. कुठल्याही अँटिबायोटिकवर पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर जुलाब थांबवायचं औषध स्वतः आणू नका, फोन करा.

पायरी ७: घरी

हात धुणं, सांगितल्याप्रमाणे ड्रेसिंग, बाकी जखमेला हात नाही. बाहेरच्या सळ्या असतील तर त्यांच्या भोकांपाशी थोडी ओल येतेच. लाली आणि दुखणं वाढलं, सळी हलायला लागली तर दाखवा.

साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, कुठल्याही रूपातली, बंद. ती रक्तवाहिन्या आवळते आणि हाड जुळणं लांबवते. खाण्यात प्रथिनं वाढवा, मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारून. पायावर किती वजन टाकायचं हे सर्जनकडून स्पष्ट शब्दांत घ्या: अजिबात नाही, नुसता टेकवायचा, की अर्धं. "सांभाळून चाला" हे उत्तर नव्हे. आणि गुडघा-घोटा हलवण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून विचारा. भावाचं हाड जुळलं तरी घोटा आखडला होता, तो सुटायला चार महिने गेले.

रात्री अडीच वाजता "पाय काढून टाका एकदाचा" असं तो म्हणाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅड बदललं, उशी सारखी केली. अशा वेळेसाठी घरात पाळीपाळीने दोन माणसं तरी असावीत.

पायरी ८: औषध संपल्यावर

खरी परीक्षा गोळ्या बंद झाल्यावर. पुढचं वर्षभर तरी ठरलेल्या तारखांना सीआरपी आणि एक्स-रे चुकवू नका. त्यानंतरही, कितीही वर्षांनी, त्याच जागी दुखू लागलं, लाल झालं किंवा ओल दिसली तर परत पायरी २. भोक पडून वर्षानुवर्षं वाहतंय आणि आता कडा जाड झाल्या, रक्त येऊ लागलं, वास बदलला, तर तुकडा काढून तपासा; अशा जुन्या भोकात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो.

फाइलमध्ये तीन गोष्टी कायम ठेवा: ऑपरेशनची नोंद, आत बसवलेल्या धातूचं स्टिकर आणि कल्चर रिपोर्ट. दुसऱ्या वेळी औषधं थांबवून, रॉड काढून घेतलेल्या पाच बाटल्यांपैकी चारांत भावाचा जंतू उगवला, सहाव्या दिवशी. तो कागद प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.